नेट आल्यावर विचारायचे प्रश्न

माझ्या जपाच्या वहीला दोन बाजू असतात. पुढून ‘ॐ नमः शिवाय’ लिहीत जायचं, रोज एकशे आठ वेळा. मागून घरातलं टिपून ठेवायचं: गॅसची टाकी कधी लावली, नळाला पाणी कधी आलं नाही, तनुजाचा फोन काय आला. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हापासूनची ही सवय. वही भरली की मागची पानं फाडून घेते आणि जप मठात नेऊन देते. मागच्या वर्षीची वही मात्र भरून कपाटात पडली आहे. तिची मागची पानं फाडायला हात धजत नाही. त्या पानांवर माझा भाऊ आहे.

मृत्युंजय त्याचं नाव. घरात आम्ही जय म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आमचं माहेर देवणीचं. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, बाजारात बैलांच्या साजाचं दुकान होतं; कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा. जय दुकानावर बसायचा, पण गिऱ्हाइकाला घुंगरमाळ दाखवायची सोडून त्याच्याच खिशातला बंद रेडिओ मागून घ्यायचा. अप्पा म्हणायचे, हा पोरगा बैलाला विकेल आणि रेडिओ घरी आणेल. बारावीनंतर त्यानं उदगीरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार सात साली इस्लापूरजवळच्या एका वाडीवर, खाजगी शाळेत लागला. शाळेला अकरा कॉम्प्युटर आले होते आणि ते चालू करणारा माणूस तिथं कुणी नव्हता. आई, म्हणजे अव्वा, म्हणाली, एवढ्या लांब कशाला जातोस. दोन वर्षांत परमनंट होतो, मग बघू, म्हणाला.

सतरा वर्षं झाली तरी परमनंट झाला नाही. दोनदा लग्न जमत आलं, दोन्ही वेळा पोरीकडच्यांनी तोच एक प्रश्न विचारला आणि पुन्हा आले नाहीत. नंतर तो विषय आम्हीच काढेनासे झालो. एका खोलीत राहायचा. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, मग स्वतःच भाकरी थापायची, मिरचीचा ठेचा घ्यायचा आणि शाळा. रागावलेलं मी त्याला फारसं पाहिलं नाही. काही मनाविरुद्ध झालं की गप्प बसून एखादी वस्तू खोलायला घ्यायचा. आमच्या घरातलं मिक्सर, पंखा, कुकरची शिट्टी, सगळ्याला त्याचा हात लागलेला आहे.

तिकडची लाइट कधी कमी, कधी जास्त. एकेक करत अकराही कॉम्प्युटर गेले. शेवटचा कोरोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात गेला. तरी कॉम्प्युटरचा तास बंद पडला नाही. त्यानं पुठ्ठे कापून घेतले, त्यांवर चौकोन आखले, चौकोनांत अक्षरं घातली आणि मुलांना वाटले. आम्ही सहस्रकुंडाला गेलो होतो तेव्हा मी त्याची शाळा पाहिली. चाळीस मुलं मान खाली घालून पुठ्ठ्यावर बोटं चालवत होती आणि वर्गात आवाज नव्हता. एक मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, “बाई, मी तुमचं नाव लिवलं.” मी वाकून पाहिलं. नुसता पुठ्ठा. छान आलंय, म्हटलं.

त्या कॉम्प्युटरच्या खोलीत खिळ्याला सुतळीनं बांधलेलं एक रजिस्टर लटकत होतं. वर जयच्या अक्षरात लिहिलेलं: नेट आल्यावर विचारायचे प्रश्न. ज्याला जे पडेल ते त्यानं लिहायचं. मी उभ्या उभ्या चाळलं. सहस्रकुंडाचं पाणी शेवटी कुठं जातं. विमानाला रिव्हर्स असतो का. देवणी गाय किती वर्षं जगते, हा प्रश्न त्याच्याच तोंडची गोष्ट ऐकून कुणीतरी लिहिला असणार. एकानं विचारलं होतं, कॉम्प्युटर मेल्यावर पुरतात का जाळतात. मी हसले तर जय म्हणाला, हसू नको, मलापण ठाऊक न्हाई.

मागच्या वर्षी शाळेच्या संस्थेला नवे सचिव आले. कॉम्प्युटर नाहीत तर कॉम्प्युटरची खोली कशाला, असं त्यांचं म्हणणं. पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला जागा नव्हती. त्यांनी बारा डिसेंबरला समिती येईल म्हणून सांगितलं. तोवर एक तरी मशीन चालू दाखवा, त्यावर नेट दाखवा, नाहीतर खोली मोकळी करा. खोली गेली की सरांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि जयनं विचारलं नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

आणि नेट जवळ आलं होतं. रस्त्यापलीकडच्या ग्रामपंचायतीत वायफायची पेटी बसली होती. रस्त्यावरून वायर आणू देईनात, मोबाइलला तर तिथं नुसतं बोलण्यापुरतं नेटवर्क, तेही पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर. पण पेटीचं वायफाय कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत पोचत होतं. ते पकडणारं एक मशीन पाहिजे होतं, बस. माझी मुलगी तनुजा हैदराबादला नोकरीला आहे. तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घरी पडून होता. तिला विचारलं, ती म्हणाली, मामाला देऊन टाक.

जय दसऱ्याला येणार होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागतं; विळी, अडकित्ता, यांची स्कूटर, शिलाई मशीन. लॅपटॉप आता जयचं हत्यार होणार होता, म्हणून मी तोही पाटावर ठेवला. वरच्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली. कुंकू चांगलं दाट भिजवून चारही कडांना अंगठ्यानं दाबून लावलं, जसं उंबऱ्याला लावते तसं. फूल वाहिलं. हात जोडून म्हटलं, महादेवा, एवढं त्याचं होऊ दे. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन जय तो घेऊन गेला.

त्यावरचं विंडोज उघडायलाच पंधरा मिनिटं घ्यायचं. म्हणून त्यानं ते पुसून लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे जुन्या मशीनवरही हलकं चालतं आणि फुकट असतं, एवढं मला त्याच्याकडून कळलं. चार नोव्हेंबरला दुपारी साडेचारला टाकीजवळून त्याचा फोन आला. मशीन एका मिनिटात उघडतं, म्हणाला, अक्षरं मराठी येतात, चित्र काढता येतं. नुसतं वायफाय दिसत नाही.

“ड्रायव्हर नसंल बसला,” तो म्हणाला; ड्रायव्हर म्हणजे मशीनकडून वायफाय चालवून घेणारी फाइल. “अक्का, तुझ्याकडं वही हाय का? मी स्क्रीनवरचं कागदावर उतरवून आणलंय, एकेक अक्षर सांगतो, लिहून घे. घरच्या कॉम्प्युटरवर घालून बघ काय म्हणतंय.”

मी जपाला बसलेली होते, समोर तीच वही. उलटी केली आणि मागून लिहून घेतलं. मला इंग्रजी वाचता येतं, अर्थ लागेलच असं नाही. पहिल्या दिवशी तीन ओळी होत्या. सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, यस. आणि तिसरी लांबलचक, वायफायच्या चिपचं नाव आणि नंबर. घरचा कॉम्प्युटर लावून मी शोधायला बसले. पहिल्या दोन ओळी मला किरकोळ वाटल्या. तिसरी भारदस्त होती, आकडे होते, म्हणून तीच घातली. भराभर शंभर पानं आली. सगळीकडं लोक हेच रडत होते, ह्या चिपला लिनक्सवर ड्रायव्हर मिळत नाही म्हणून. मी आनंदानं जयला सांगितलं, सापडलं रे, ड्रायव्हरच आहे.

मग पाच आठवडे आमचा तोच उद्योग. मी फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर घालायची, पेनड्राइव्ह किनवट गाडीचे कंडक्टर लिंबाजी यांच्याकडं द्यायचा. लिंबाजी त्याच वाडीचे, त्यांची पुतणी जयच्या वर्गात. जयनं ती फाइल टाकली की ती म्हणायची, मला आधी दुसरी फाइल पाहिजे. दुसरी पाठवली की ती तिसरी मागायची. वायफाय आणायला ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे, असं ते चक्र. जय म्हणाला, हे आपल्याकडच्या लग्नातल्या आमंत्रणासारखं होऊन राहिलं, काकाला बोलवा म्हणलं की काका म्हणतो, आधी आत्याला बोलवा. तनुजाला मी दोनदा विचारलं. तिला कामाची घाई होती. ड्रायव्हरच असेल आई, म्हणाली, जुन्या चिपचं असंच असतं. वहीत काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नाही. इंग्रजी वाचायची लाज वाटली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन नांदेडलाच आला. आमच्या घरच्या पेटीला वायर जोडून त्यानं जेवढं म्हणून उतरवता येईल तेवढं उतरवलं. वायरीनं नेट धडाधड चालत होतं. वायर काढली की वायफायच्या जागी काही नाही. यजमान म्हणाले दुकानात दाखवू, पण रविवार, दुकान बंद, आणि सोमवारी त्याला शाळा. तो लॅपटॉप उलटासुलटा करून बघत बसला. माझं कुंकू चारही कडांना अजून तसंच होतं. मला बरं वाटलं. समोरच्या कडेवर त्याचं नख थांबलं. तिथलं कुंकू वाळून सिमेंटासारखं झालं होतं.

“इथं काही खाच हाय का गं?” असं म्हणून तो खरवडायला लागला.

मी पोळ्या लाटत होते. तिथूनच म्हटलं, “राहू दे रे, पूजेचं आहे. आपोआप जाईल.”

त्यानं नख काढून घेतलं. जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

बारा डिसेंबरला काय झालं ते मला लिंबाजींनी सांगितलं, जय स्वतः त्यावर बोललेला नाही. समितीत तिघं होते. जयनं मशीन उघडून दाखवलं. लिंबाजींच्या पुतणीनं खऱ्या कीबोर्डवर, पहिल्यांदाच, एकही चूक न करता शाळेचं नाव टाइप केलं. पुठ्ठ्यावर बोटं बसली होती तिची. समितीतल्या एकानं शाबास म्हटलं. मग सचिवांनी विचारलं, आणि नेट? जय म्हणाला, ड्रायव्हरची अडचण आहे सर, आठ दिवस द्या. सचिव म्हणाले, “ड्रायव्हर नाही तर सर, सतरा वर्षं गाडी कशाला अडवून बसलात?” सगळे हसले. मुलंही हसली, त्यांना वाटलं हसायचं असतं.

शनिवारी, चौदा तारखेला, सकाळच्या शाळेनंतर त्यानं खोली मोकळी केली. सोमवारी तिथं तांदळाची पोती आली. जय पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन आमच्याकडं उतरला, एक दिवस राहिला. लॅपटॉप फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. तनुजाचं तनुजाला, म्हणाला. मी विचारलं, चालतोय ना? चालतोय की, म्हणाला. मी पुढं विचारलं नाही. मग तो देवणीला अव्वाकडं गेला. आता उदगीरच्या एका दाळमिलमध्ये वजनकाट्यावर असतो. सकाळी देवणीहून जातो, संध्याकाळी येतो.

महाशिवरात्रीला तनुजा घरी आली. उपास होता, दुपारी काम नव्हतं, तिनं सहज लॅपटॉप काढला. उघडल्याबरोबर आमच्या घरचं वायफाय दिसलं आणि लागलं.

“आई, मामानं जमवलं की,” ती म्हणाली.

मला एवढा आनंद झाला की मी देवापुढं साखर ठेवायला उठले. तोवर ती पुढं बघत होती. ह्या मशीननं आजवर कोणकोणती पानं उघडली त्याची यादी आत राहते म्हणे. वायरीनं उतरवलेल्या फाइलींनंतर एकच दिवस होता, चौदा डिसेंबर. दुपारी दोन दहापासून चार वीसपर्यंत. तनुजा एकेक ओळ वाचत गेली. सहस्रकुंड धबधब्याचं पाणी कुठं जातं. विमान मागं जाऊ शकतं का. देवणी गायीचं आयुष्य. जुने कॉम्प्युटर कुठं टाकतात. असे छत्तीस प्रश्न. हे काय आहे गं, तिनं विचारलं. मी साखरेची वाटी हातात धरून उभीच राहिले.

समिती बाराला येऊन गेली होती. म्हणजे दोन दिवसांनी, खोली रिकामी करताना, त्याला नेट लागलं. कसं लागलं, असं मी तनुजाला विचारलं आणि वही आणून पुढं केली. तिनं पहिल्याच पानावर बोट ठेवलं. चार नोव्हेंबर, दुसरी ओळ.

“हार्ड ब्लॉक्ड म्हणजे बटण बंद आहे. जुन्या लॅपटॉपला कडेला वायफायचं सरकतं बटण असायचं. ते बंद असलं तर कुठलाही ड्रायव्हर टाका, काही होत नाही. मीपण विसरले होते.” ती समोरची कड उलटून बघायला लागली. “हे बघ, इथं.”

तीन कडांना माझं कुंकू होतं तसं होतं. झाकणावरची विभूतीची बोटं पुसट झाली होती, पण होती. फक्त समोरच्या कडेची ती बोटभर खाच सुईनं कोरून स्वच्छ केलेली होती. आत छोटंसं बटण, आणि कोपऱ्यात सुई न पोचलेला लाल कण. मी अंगठ्यानं दाबून कुंकू लावलं तेव्हा ते सरकलं होतं आणि वर कुंकू वाळलं होतं. तनुजालाही समजलं असावं. तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्या हातातली वाटी घेतली.

पूजेत माझं काही चुकलं असं यजमान म्हणत नाहीत. ते म्हणतात, सचिवांनी आधीच ठरवलेलं होतं, नेट लागलं असतं तर दुसरं काही काढलं असतं. तसंही असेल. पण मी पोळ्या लाटता लाटता जे बोलले ते मला रोज जपाला बसल्यावर ऐकू येतं. एकशे आठ पुरे व्हायच्या आत दोनदा तरी येतं.

शिवरात्रीचा उपास सोडल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी जयला फोन लावला. तो काट्यावर होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज. अव्वाची विचारपूस झाली, थंडीची झाली. मग मी म्हटलं, “जय, त्या खाचेतलं कुंकू तू काढलंस का?”

त्यानं ट्रॅक्टरवाल्याला जरा थांबायला सांगितलं.

“तनुजा आली व्हय घरी,” तो म्हणाला. “मी तर झाकून ठेवलं होतं. तुला कळू नये म्हणून बाकीच्या कुंकवाला हातदेखील लावला न्हाई.”

मी म्हटलं, तू त्या दिवशी खरवडत होतास, मी नको म्हटलं.

“मी बेचाळीस वर्षांचा हाय, अक्का. नको म्हणलं म्हणून थांबायचं वय हाय का माझं?” मग कुणाला तरी त्यानं चिठ्ठी दिली, पुढं घ्या म्हणाला, आणि परत फोनवर आला. “येत्या खंडेनवमीला इकडं ये. अव्वाचं शिलाई मशीन हाय, माझा काटा हाय. कुंकू तूच लाव. फक्त काटा शून्यावर हाय का बघून लाव, न्हाईतर उदगीरची सगळी तूर जड व्हायची.”

मी हसले. तोही हसला. मग गाडी आली म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात लिंबाजी कंडक्टर बसस्टँडवर भेटले. रजिस्टर कुठं आहे विचारलं. हेडबाईंच्या टेबलावर असतं, म्हणाले, पोरं मधल्या सुट्टीत वाचायला मागून नेतात, प्रत्येक प्रश्नापुढं सरांच्या अक्षरात उत्तर लिहिलेलं आहे. लॅपटॉपमध्ये छत्तीस होते, म्हटलं, सगळे तेवढेच का? ते म्हणाले, सदतीस आहेत. पहिला प्रश्न सरांना शोधावा लागला नसेल. तो फार जुना आहे, ज्यानं लिहिला तो पोरगा आता पुण्याला कंपनीत लागला. लिहिलंय, आपल्या खोलीत नेट कधी येणार. त्याच्यापुढं सरांनी लिहिलंय, आलं, १४ डिसेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

घरी येऊन मी ते जसंच्या तसं त्याच वहीत मागून उतरवून घेतलं. त्यानंतर त्या बाजूनं मी काही लिहिलेलं नाही.